गाइडबुक भेट देताना...

एकेकाळी घरातील कोणी परदेशी निघाले, की अर्धी चाळ हार घेऊन सहार विमानतळावर जात असे आणि प्रवाशाच्या हाती चिवडा-लाडवांचा डबा ठेवला जात असे. आता परदेशप्रवासाचे अप्रूप तेवढे उरलेले नाही. निवृत्त दांपत्ये मुलांकडे अमेरिकेला जातात, तशीच साकुराचा बहर पाहायला जपानलाही जातात. अशा वेळी त्यांना काय भेट द्यावे, असा प्रश्न भाचे-पुतण्यांना पडतो आणि पुस्तकाच्या दुकानातील एखादे जाडजूड, गुळगुळीत कागदावर छापलेले गाइडबुक नजरेत भरते. भेट देखणी दिसते, उपयोगी वाटते. प्रत्यक्षात ते पुस्तक बहुधा कपाटातच राहते, कारण निवडताना मुखपृष्ठावरील देशाचे नाव तेवढे पाहिलेले असते; जाणारी माणसे कशी प्रवास करतात, याचा विचार झालेला नसतो.

फुकट मिळालेल्या मार्गदर्शिकेची अशी उपेक्षा जुनीच आहे. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली आणि ती मोफत वाटली. पुढे एका टायरच्या दुकानात हीच पुस्तके डगमगणाऱ्या बाकाला टेकू म्हणून लावलेली आंद्रे मिशेलिन यांना दिसली, अशी कथा कंपनी सांगते. १९२० पासून पुस्तकाला किंमत लावण्यात आली.

जपानचेच उदाहरण घेतले, तर पहिला प्रश्न असा, की मंडळी टूर कंपनीबरोबर जाणार आहेत की स्वतःच्या हिमतीवर? टूरमध्ये हॉटेल, बस, जेवण सारे ठरलेले असते. तेथे रेल्वे बदलण्याच्या सूचनांची शेकडो पाने निरुपयोगी ठरतात. त्यांना हवे असते समोरच्या वास्तूचे मर्म. डीके प्रकाशनाची 'आयविटनेस' मालिका यासाठी सोयीची आहे. मंदिराचा किंवा किल्ल्याचा जणू उभा छेद घेऊन आतील रचना दाखवणारी तिची चित्रे चष्मा पुसत पुसत पाहावीत अशीच असतात. स्वतः आखणी करून हिंडणाऱ्यांना मात्र 'लोनली प्लॅनेट' किंवा 'रफ गाइड्स'सारखी मजकूरप्रधान मालिका अधिक उपयोगाची. लोनली प्लॅनेटचा जन्मच मुळी १९७३ मध्ये, लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत काटकसरीने पोहोचलेल्या टोनी व मॉरीन व्हीलर या जोडप्याच्या अनुभवातून झाला.

दुसरा प्रश्न जेवणाचा, आणि मराठी घरांत तो दुय्यम मानून चालत नाही. जपानी सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सर्वांचा पाया 'दाशी' नावाचे पाणी असते आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. ताटात मासा कोठेही दिसत नाही, तरी तो असतो. शाकाहारी काकूंना हे तेथे गेल्यावर चौथ्या दिवशी कळले, तर उरलेली सहल बिस्किटांवर काढावी लागते. याउलट कोयासान पर्वतावरील बौद्ध मठांत मुक्काम करता येतो आणि तेथे 'शोजिन र्योरी' हे मांस-मासे वर्ज्य असलेले भोजन मिळते. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय झाली. दुकानात पुस्तक हाती घेताच शेवटची सूची उघडून शाकाहाराविषयी किती पाने आहेत, हे पाहावे. सूचीत एकही नोंद नसेल, तर पुस्तक परत ठेवावे. ठिकाणांची नावे जपानी लिपीतही छापलेली असतील, तर उत्तम. टॅक्सीचालकापुढे बोट ठेवून काम भागते.

सर्वांत अधिक फसगत होते ती तारखेपाशी. सवलतीत मिळणारे पुस्तक अनेकदा जुन्या आवृत्तीचे असते. प्रकाशनाचे वर्ष मुखपृष्ठावर नसले, तरी आतल्या प्रारंभीच्या किंवा अखेरच्या पानावर असते आणि लेखकाची पाहणी त्याच्याही आधीची असते. जपानच्या 'रेल पास'ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. सात दिवसांचा साधा पास २०२३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत २९,६५० येनना मिळत होता. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन बुलेट ट्रेनचे भाडेच जवळपास तेवढे होत असल्याने 'पास घ्याच' हा सल्ला त्या काळी रास्त होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये पास ५० हजार येनांवर गेला आणि तोच सल्ला अनेकांना नुकसानीचा ठरू लागला. जुन्या पुस्तकातील इतिहास, बागा, शिष्टाचार यांना सहसा काही होत नाही; भाडी, वेळा आणि नियम मात्र नासतात.

पुस्तकाचा लेखक किती विश्वासाचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. त्याच मालिकेतील भारताचा खंड काढून त्यात आपल्या मुंबईविषयी वा पुण्याविषयी काय लिहिले आहे, ते वाचावे. ओळखीच्या गल्लीत जो चुकतो, तो क्योटोत बरोबर असेल, असे कशावरून?

मोबाइलच्या जमान्यात छापील पुस्तक कशाला, असे पुतण्याला वाटणे स्वाभाविक आहे. रस्त्यावर नकाशा फोनमध्येच पाहिला जातो, हे खरे. परंतु जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून पाने उलटत 'हे पाहू, हे सोडू' असे ठरवणे लहान पडद्यावर साधत नाही. म्हणूनच हे पुस्तक विमानतळावर न देता तिकिटे काढण्याच्या आधी, तीन-चार महिने अगोदर द्यावे. वजनाचेही भान हवे. अनेक विमान कंपन्या हातातील बॅगेला सात किलोंचीच मर्यादा घालतात. युरोपच्या मार्गदर्शिका लिहिणारे रिक स्टीव्ह्स तर हवी ती प्रकरणे खुशाल फाडून न्या, असेच वाचकांना सांगतात. सरस्वतीला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या पिढीला हे रुचणार नाही, त्यांच्यासाठी पातळ, एकाच शहराचे पुस्तक बरे.

इंग्रजी वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांना सोबत पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' द्यावे. त्यात जपान आहे, मात्र गाडीची वेळ त्यात शोधू नये. आणि गाइडबुकच्या पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहिण्याची घाई करू नये. हीच आवृत्ती त्यांच्याकडे आधीच असेल, तर नाव घातलेले पुस्तक दुकानदार बदलून देत नाही.