चाकाशिवाय मडकं घडतं, पण खरी परीक्षा जाळात

वडोदरा : कुंभार म्हटलं की डोळ्यांपुढे चाक येतं. पण चाक नसतानाही मडकी होत होती, आणि ती कला आता शहरातली पोरं हौसेनं शिकू पाहतात. वडोदऱ्यात त्याला जुना आधार आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला उत्तर गुजरातेत लोटेश्वर इथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची ‘आनर्त’ परंपरेची भांडी मिळाली. ती हाताने किंवा संथ फिरणाऱ्या तबकडीवर घडवलेली.

हातानं घडवणं म्हणजे मागासलेपण, असं समजू नका. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला नक्षीची भांडी चाकावरची होती, तरी लहान मुलांना पुरण्याचे जाड रांजण बहुधा हातानेच केलेले. चाक ठाऊक असूनही!

रीत दिसायला सोपी. तळ्याची माती चाळायची, मळायची, तिच्यात वाळू, भुसा किंवा जुन्या खापरांचा चुरा मिसळायचा. नुसती चिकण माती वाळताना तडकते. चुऱ्यामुळे वाफेला वाट मिळते. मग दोरासारख्या वळ्या एकावर एक ठेवून सांधे बोटानं घासायचे. सांधा कच्चा राहिला तर मडकं तिथेच उकलणार. माती थोडी आवळली की आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. भिंत पातळ होते, पक्कीही होते. शेवटी गुळगुळीत गोट्यानं घासलं की चकाकी येते. वाळवण सावलीतच, घाई नको.

खरी गोम जाळात. बांधीव भट्टी नाही; गोवऱ्या, पेंढा, लाकूड रचून वर खापरं झाकायची. आधी नुसता धूर. ओल राहिलेलं मडकं एकदम तापलं की आतली वाफ ते फोडते. साधारण ६०० अंशांपर्यंत तापल्यावर मातीतलं बांधलेलं पाणी निघून जातं, मग ती पुन्हा चिखल होत नाही. उघड्या जाळात बहुधा ६०० ते ९०० अंश मिळतात. चिनी मातीच्या पक्क्या भांड्यांना १,२०० च्या वर लागतात. कमी भाजल्यानं मडकं सच्छिद्र राहतं, म्हणून पाणी गार होतं आणि चुलीवर ते सहसा तडकत नाही. लोणचं मात्र त्यात भरू नका, तेल झिरपेल.

तयार माती आणि विजेची भट्टी घेऊन शिकलात तर निम्मंच हाती येतं. धुराचा रंग बघून जाळ कधी वाढवायचा, हे कुंभाराच्या शेजारी बसूनच कळतं. आणि घरातल्या बाईलाही विचारा. बऱ्याच कुंभारवाड्यांत चाक पुरुषाचं, माती मळणं-घासणं तिचं. मणिपूरच्या आंद्रो गावात तर चाकाशिवायची भांडी बायकाच घडवतात.

खर्चाचा हिशेब? माती-गोवऱ्यांचा थोडा, फुटलेल्या मडक्यांचा जास्त. पण फुटलेलंही वाया जात नाही. कुटून पुढच्या मातीत घालायचं.