चेहरा टिपण्यापूर्वी माणूस पाहावा

आषाढी वारीसाठी ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून आणि तुकोबारायांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते, तेव्हा टाळ-मृदंगांबरोबर कॅमेऱ्यांचीही गर्दी वाटेला लागते. सुरकुतलेला चेहरा, कपाळीचा बुक्का, डोईवरचे तुळशीवृंदावन यांचा मोह छायाचित्रकाराला पडणे स्वाभाविक आहे. मात्र समोरची व्यक्ती आपल्या चौकटीसाठी नव्हे, तर विठ्ठलाच्या ओढीने चालत आहे, याचे भान सुटता कामा नये.

आधी संमती

वारीत लहान-थोर एकमेकांना 'माउली' म्हणतात. 'माउली, फोटो काढू का?' एवढे विचारणे पुरेसे असते. परमुलखात भाषा येत नसेल, तर कॅमेरा दाखवून खुणेने विचारावे. नकार मिळाल्यास नमस्कार करून पुढे जावे. दूरच्या लेन्सने तोच चेहरा चोरून टिपणे ही फसवणूकच होय. नदीकाठी स्नान करणाऱ्या स्त्रिया किंवा राहुटीत थकून निजलेले वारकरी यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये. लहान मुलांबाबत पालकांची परवानगी घ्यावी. अंदमानातील जारवांचे छायाचित्रण तर कायद्यानेच निषिद्ध आहे.

मग तंत्र

५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स व्यक्तिचित्राला सोयीची. अतिशय रुंद कोनाच्या लेन्सने जवळून टिपल्यास नाक मोठे दिसून चेहरा बेढब होतो. बसलेल्या माणसाचे छायाचित्र उभ्याने घेतले, तर कॅमेरा त्याच्याकडे वरून पाहतो. म्हणून गुडघा टेकून त्याच्या नजरेच्या रेषेत यावे. भर दुपारी झाडाच्या सावलीतील मऊ प्रकाश चांगला.

नावही जपावे

स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकली. शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळण्यास मात्र २००२ साल उजाडले. तोवर तिने स्वतःचे ते छायाचित्र पाहिलेही नव्हते.

म्हणूनच टिपलेले छायाचित्र तेथल्या तेथे दाखवावे, नाव-गाव विचारून लिहून ठेवावे आणि ते प्रसिद्ध करायचे असल्यास तशी वेगळी परवानगी घ्यावी. पालखी सोहळ्यातील दिंड्यांना क्रमांक असतात. तो टिपून ठेवला, तर पुढील वर्षी त्याच वाटेवर छापील प्रत माउलींच्या हाती देता येते.