लोहाची गोळी डब्यात नको, पोटात हवी

‘अंगात रक्तच नाही बघा,’ हे वाक्य आपल्या भागातील आयाबहिणींच्या तोंडी नेहमी असते. पाण्याची घागर उचलली की डोळ्यांपुढे अंधारी येते, दोन पावले भरभर चालले की धाप लागते, केस गळतात, कामात मन लागत नाही. घरातील माणसे त्याला आळस म्हणतात आणि ती बाई स्वतःही तसेच समजू लागते. पण बहुतेक वेळा तो आळस नसून रक्तक्षय असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय होता. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे प्रश्न कमी होण्याऐवजी वाढला आहे.

मी डॉक्टर नाही. कलाशाखेची पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. तरीही हा विषय घेण्यास कारण घडले. माझ्या धाकट्या जावेच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव झाला. मुळातच रक्त कमी असल्याने तो तिला सोसला नाही. धावपळ करून रक्ताच्या पिशव्या मिळवल्या, म्हणून मायलेकरू वाचले. पुढे घर आवरताना पत्र्याच्या डब्यात लाल गोळ्यांची पाकिटे सापडली. एकही फोडलेले नव्हते. ‘गोळ्या गरम पडतात, बाळ काळे होते’ असे कोणीतरी तिला सांगितले होते. मी तिला बोलणार होते, पण मला माझेच कपाट आठवले. माझे हिमोग्लोबिन ८.४ असताना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मीही मळमळते म्हणून पाच दिवसांत बंद केल्या होत्या आणि मार्चअखेरच्या गर्दीत काउंटरवरच मला चक्कर आली होती.

शरीरातील लोहाचे खाते

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. फुप्फुसातला प्राणवायू सर्व शरीरात पोचवण्याचे काम हेच हिमोग्लोबिन करते. उरलेल्या लोहाचा मोठा भाग यकृत वगैरे ठिकाणी साठा म्हणून राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हिमोग्लोबिन हे चालू खाते आणि साठा ही मुदत ठेव. खर्च वाढला की आधी ठेव मोडते आणि ठेव संपल्यावर चालू खाते खाली येते. म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसते तेव्हा साठा बहुधा आधीच रिकामा झालेला असतो. हा साठा ‘फेरिटिन’ नावाच्या तपासणीत कळतो.

स्त्रियांचा खर्च मुळातच जास्त असतो. दर महिन्याच्या पाळीत लोह जाते आणि एका गरोदरपणात एकूण सुमारे १००० मिलीग्रॅम लोह लागते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२, गरोदर स्त्रीचे ११ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात.

सगळा रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे मात्र नाही. याचा महत्त्वाचा पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्लंडहून मुंबईस आल्या आणि त्यांनी गरोदर गिरणीकामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे उलगडले. म्हणूनच आज सरकारी लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही असते. त्याच १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात आर्थिक लाभ देणाऱ्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता, याचेही येथे स्मरण होते. गरीब घरच्या गरोदर बाईच्या आरोग्याचा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आहार हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही

ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी, राजगिरा, मेथी यांत लोह आहे. मात्र धान्यकडधान्यातील लोह शरीरात कमी प्रमाणात उतरते. मटणातील, विशेषतः कलेजीतील लोह जास्त उतरते. जेवताना लिंबू पिळणे, कडधान्याला मोड आणणे आणि आंबट कालवण लोखंडी कढईत करणे हे साधे उपाय आहेत. जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह उतरण्यास अडथळा येतो, म्हणून निदान तासाभराचे अंतर ठेवावे. आपल्या जिल्ह्यात डाळिंब भरपूर पिकते आणि ‘डाळिंब, बीट खा, रक्त वाढेल’ असे सर्रास सांगितले जाते. ही फळे-कंदे चांगलीच आहेत, परंतु लाल रंग म्हणजे लोह नव्हे. त्यांत लोह थोडेच असते. एकदा रक्तक्षय झाला की आहाराच्या जोडीला गोळी लागतेच.

गोळी का सोसत नाही?

गोळीतले सगळे लोह रक्तात जात नाही. उरलेले आतड्यात राहते. त्यामुळे मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात. शौचास काळे होते, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी उष्ण पडते आणि बाळ काळे होते या समजुतींना आधार नाही. बाळाचा रंग गोळीवर ठरत नसतो.

गोळीच्या पाकिटावर क्षाराचे वजन आणि शुद्ध लोहाचे वजन असे दोन आकडे असू शकतात. पाहायचे ते शुद्ध लोह. फेरस सल्फेटच्या २०० मिलीग्रॅमच्या गोळीत शुद्ध लोह सुमारे ६५ मिलीग्रॅम असते. फेरस फ्युमरेटमध्ये एक तृतीयांश, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये सुमारे बारा टक्केच असते. म्हणून ग्लुकोनेट ‘सौम्य’ वाटते, त्याचे एक कारण मात्रा कमी हे आहे. बिसग्लायसिनेट प्रकारची गोळी अनेकांच्या पोटास सोसते, पण महाग पडते. ज्या गोळ्यांचे आवरण पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते त्या त्रास कमी देतात, परंतु लोह शोषण्याची मुख्य जागा मागे राहून गेल्याने उपयोगही कमी होऊ शकतो. सारांश, महाग म्हणजे चांगली असे नाही. जी तुम्हाला सोसते आणि जी तुम्ही शेवटपर्यंत घेता, तीच चांगली गोळी.

त्रास झाला तर काय करावे?

गोळी उपाशीपोटी जास्त लागू पडते. सोसत नसेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी. फायदा थोडा घटेल, पण गोळी सुटणार नाही. लिंबूपाण्याबरोबर चालते. चहा, दूध, कॅल्शियमची किंवा आम्लपित्ताची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. झुरिकच्या संशोधकांना २०१७ साली असे आढळले की लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत रोजच्यापेक्षा दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. कारण गोळी घेतल्यावर ‘हेप्सिडिन’ नावाचे द्रव्य वाढते आणि सुमारे दिवसभर आतड्यातील दार जवळजवळ लावून घेते. माझ्या डॉक्टरांनी मला रात्री जेवणानंतर, एक दिवसाआड अशी गोळी दिली आणि ती मला सोसली.

गरोदर भगिनींनी मात्र असा बदल स्वतःहून करू नये. त्यांच्यासाठी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. त्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असते. त्रास झाला तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते. गरज पडल्यास रुग्णालयात शिरेतूनही लोह देतात.

आणखी तीन गोष्टी. हिमोग्लोबिन भरले तरी ठेव भरून निघण्यासाठी गोळी पुढे सुमारे तीन महिने चालू ठेवावी. पुरुषास किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीस लोह कमी पडले तर मूळव्याध, पोटातील व्रण यांसारख्या कारणाने रक्त जाते आहे का, हे तपासून घ्यावे. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती कधीही लागू देऊ नयेत. एकदम अनेक गोळ्या गिळल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी वहीत दडवू नका. आणि आज घरी गेल्यावर आईचा, वहिनीचा औषधाचा डबा उघडून पाहा. पाकीट न फोडलेले दिसले तर रागावू नका. ‘काय त्रास होतो?’ एवढेच विचारा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. एका घरात जरी असे झाले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.