अंड्याएवढं वजन, समुद्रतळापेक्षा मोठा दाब

“ताई, ह्याच्यावर हत्ती उभा करा, हलायचा नाही!” येरवड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात लोखंडी स्टँड टेकवत फॅब्रिकेटर म्हणाला. त्या स्टँडवर बसणार होता रिमलेस फिश टँक: १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. वर-खाली प्लॅस्टिकची चौकट नाही. पाच काचा आणि त्यांना धरून ठेवणारं सिलिकॉन, एवढंच.

त्या रात्री मी वही घेतली आणि खरोखरच हत्तीचा हिशेब मांडला.

स्टँडचा पाइप २५ मिलिमीटरचा चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचा. एका पायाच्या छेदात १८४ चौरस मिलिमीटर पोलाद येतं. साधं पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो भार झेलतं, त्यापुढे त्याचा आकार बिघडू लागतो. म्हणजे एका पायाची ताकद साडेचार टनांच्या घरात. उभा पाइप वाकण्याची शक्यता धरून त्यातून टन-दीड टन वजा केला, तरी चार पायांवर चार टनांचा हत्ती निवांत उभा राहील. फॅब्रिकेटरचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आता टँक. १२ मिलिमीटर जाडीची काच सुमारे ६० किलो, वाळू आणि दगड ७५, पाणी १९०. एकूण सव्वातीनशे किलो. आकडा छातीत धडकी भरवतो. पण टँकचा तळ ५,४०० चौरस सेंटिमीटरचा आहे. भागाकार केला की उत्तर येतं ६० ग्रॅम. नखाएवढ्या प्रत्येक चौकोनावर एका अंड्याचं वजन, बस्स! साठ किलोचा माणूस अनवाणी उभा राहतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भार असतो आणि हत्तीच्या पायाखाली सुमारे ८००. सव्वातीनशे किलोचा टँक आपल्यापेक्षा हलकं पाऊल टाकतो.

मग टँकचे तळ तडकतात कसे? अंड्याएवढा वाटा प्रत्येक सेंटिमीटरने उचलला तरच हा हिशेब खरा ठरतो. वाटणी बिघडली की आकडे भयंकर वेगाने चढतात.

समजा, तळाची काच आणि स्टँडवरचा प्लाय यांच्यामध्ये वाळूचा एक कण राहिला. सव्वातीनशेपैकी फक्त पाच किलो त्याच्या वाट्याला आले आणि तो काचेला दशांश चौरस मिलिमीटरवर टेकला, तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला ५,००० किलो. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी, मरियाना गर्तेच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली दाब असतो सुमारे १,१००. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणाखाली महासागराच्या तळापेक्षा चौपटीहून जास्त दाब. काच दाबली तर खूप सोसते, पण ताणली गेली की फार लवकर हार मानते. कणाने खालून रेटलं की त्याच्या आजूबाजूची काच ताणली जाते आणि तिथून तडा धावतो.

म्हणून रिमलेस टँकखाली फोमची मॅट किंवा थर्माकोलची शीट हवीच. ती वजन पेलत नाही, वजन वाटते. कण तिच्यात रुततो, प्लायचा उंचवटा तिच्यात जिरतो. निसर्गाने ही युक्ती आधीच केली आहे: हत्तीच्या तळव्यात हाडांखाली चरबीची जाड गादी असते. फॅब्रिकेटरच्या हत्तीजवळ मॅट होती, माझ्या स्टँडजवळ नव्हती. प्लॅस्टिकच्या चौकटीच्या टँकची गोष्ट मात्र उलटी. तिथे तळाची काच चौकटीवर अधांतरी असते आणि भार कडेनेच खाली उतरतो, म्हणून त्याला मॅट घालायची नसते.

दुसरा शत्रू म्हणजे पीळ. टँक लांबीच्या दिशेने पाच मिलिमीटर कलला, तर आतल्या पाण्याचा गुरुत्वमध्य सरकतो जेमतेम एक मिलिमीटर. डोळ्याला खुपतं, काचेला फारसं नाही. पण चारपैकी एका पायाखाली दोन मिलिमीटरची फट असेल, तर बहुतेक भार समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांवर जातो, चौकट पिळवटते आणि काचेला ती वळणं घेता येत नाहीत. म्हणून पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर लावून बघायची आणि कमी पडणाऱ्या पायाखाली पाचर घालायची, टँक ठेवायच्या आधी.

काचा बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात, तो जोर वेगळाच. आमच्या टँकच्या पुढच्या काचेवर सुमारे ११० किलोचा रेटा असतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. टँकची रुंदी मात्र कितीही वाढवा, पुढच्या काचेला फरक पडत नाही. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, मागे किती पाणी साठलंय यावर नाही. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने हे १५८६ मध्ये मांडलं आणि येरवडेकरांना ते रोज दिसतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास बांधलेला मुळा-मुठेवरचा बंधारा आपल्या मागची अख्खी नदी अडवतो, पण त्याच्या दगडांवरचा रेटा ठरतो तो भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर. लिस्बनच्या मत्स्यालयात ताकाशी अमानो यांनी २०१५ मध्ये घडवलेला टँक ४० मीटर लांब, १,६०,००० लिटरचा आहे, पण बुटका. बर्लिनच्या एका हॉटेलातला दंडगोलाकार टँक सुमारे १४ मीटर उंच होता. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो फुटला आणि जवळपास दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत आलं.

राहता राहिली जमीन. घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरतं. स्टँडसकट टँकचा भार त्याच्या जागेपुरता साडेसहाशेवर जातो, तिपटीहून जास्त. पण तो सगळा एका कोपऱ्यात असतो आणि बाकी खोली हलकी. तरी टँक बीमच्या आणि भिंतीच्या कडेला ठेवावा. याहून मोठा घ्यायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. स्टँडच्या चार पायांखाली मिळून जागा फक्त २५ चौरस सेंटिमीटर, म्हणून तिथे दर सेंटिमीटरला १४ किलो. वरचं अंडं खाली उतरेपर्यंत भरलेला गॅस सिलिंडर नाही, तरी रिकामा होतो. पायांखाली जाड पट्ट्या टाकल्या की तोही भार पसरतो.

टँक चढवायच्या दिवशी मी प्लाय ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि मग उघड्या तळव्याने हळूहळू चाचपला. डाव्या कोपऱ्यात काहीतरी खरखरलं. बोटाच्या टोकावर घेतलं तर वाळूचा एक कण होता, टँकसाठी धुतलेल्याच वाळूतला. तो खिडकीबाहेर टाकला, मॅट अंथरली आणि मग चौघांनी मिळून टँक उचलला.