स्क्रीनशॉट नेमके जातात कुठे? त्यांची जागा कशी बदलायची?



दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेतला संगणक अगदीच रडायला लागला होता. दुरुस्तीवाले दादा आले, म्हणाले, "मॅडम, विंडोज नव्याने टाकावं लागेल. सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" मी बिनधास्त सांगितलं, "नाही, आपलं सगळं डी ला असतं."

सुट्टी संपली आणि एका मुलाची आई दारात. "मॅडम, पोराच्या फॉर्मचा नंबर द्या ना. तुम्ही तवा फोटो काढून ठेवला व्हता." फोटो म्हणजे स्क्रीनशॉट. अर्ज भरला त्या दिवशी प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून मी तो काढला होता. आणि तो सी ड्राइव्हबरोबर पुसला गेला होता! नशीब, पोराने नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. चौथीतलं पोरगं माझ्यापेक्षा शहाणं निघालं.

चूक कुठे झाली? विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणं एकत्र दाबली की स्क्रीनशॉट आपोआप सेव्ह होतो. (काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.) तो जातो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये, आणि हे फोल्डर मुळात असतं सी ड्राइव्हवर. संगणक आपल्याला विचारत नाही, म्हणून आपल्याही लक्षात येत नाही. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला की तेही गेलं.

आता जागा बदलू या. काम दोन मिनिटांचं आहे. आधी डी ड्राइव्ह उघडून तिथे एक नवीन फोल्डर तयार करा, नाव द्या 'शाळा स्क्रीनशॉट'. ही पायरी टाळू नका. फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडला तर संगणक अख्ख्या डी ड्राइव्हलाच स्क्रीनशॉटचं फोल्डर समजायला लागतो आणि मग ते निस्तरताना नाकी नऊ येतात. मग पिक्चर्समध्ये जाऊन स्क्रीनशॉट्स फोल्डरवर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज निवडा, वर लोकेशन असा टॅब दिसेल. त्यात मूव्ह दाबा, आपलं नवीन फोल्डर निवडा आणि अप्लाय करा. जुने स्क्रीनशॉटही तिकडे हलवू का, असं संगणक विचारेल, येस म्हणा. मन बदललं तर त्याच टॅबमध्ये रिस्टोअर डिफॉल्ट आहे, त्याने फोल्डर मूळ जागी परत जातं.

स्क्रीनशॉट्स फोल्डर सापडतच नाही? मग त्या संगणकावर या पद्धतीने अजून एकही स्क्रीनशॉट काढलेला नसेल. एक काढा, फोल्डर तयार होईल.

विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून पडद्याचा हवा तेवढाच भाग कापून घेणारेही बरेच जण आहेत. विंडोज १० मध्ये तो तुकडा फक्त कॉपी होतो, स्वतः सेव्ह केला नाही तर राहत नाही. विंडोज ११ मध्ये स्निपिंग टूल तो आपोआप साठवतं, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये फोल्डर बदलायची सोय वेगळी आहे. तेही एकदा पाहून घ्या.

डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे, बरं का. बहुतेक वेळा सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी पुसला तर डी वाचतो, पण डिस्कच बिघडली तर दोन्ही जातात. ज्या संगणकावर फक्त सी आहे तिथे तर फोल्डर बदलून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी महत्त्वाचे स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हवर कॉपी करा. पण सेव्ह व्हायची जागाच पेन ड्राइव्ह ठेवू नका. तो काढून घरी नेला की संगणकाला फोल्डर सापडणार नाही.

पालकांशी संबंध येतो तो पुढच्या गोष्टीत. यू-डायस प्लस किंवा सरलवर काम करताना आपण अडचण दाखवायला पटकन स्क्रीनशॉट काढतो. त्यात मुलांची नावं, जन्मतारखा, कधी आधार क्रमांकही असतात. त्या संगणकावर कुणाचं तरी वनड्राइव्ह खातं चालू असेल आणि त्यात स्क्रीनशॉट साठवायचा पर्याय सुरू असेल, तर ती सगळी चित्रं त्या व्यक्तीच्या खात्यात जाऊन बसतात. ती व्यक्ती बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली का असेना! वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीनशॉट सेव्ह करण्याचा पर्याय बंद करा, पिक्चर्सचा बॅकअप चालू असेल तर तोही थांबवा, आणि मग वरच्या पद्धतीने जागा बदला. सायबर कॅफेतून अर्ज भरणाऱ्या पालकांनी निघण्यापूर्वी आपला स्क्रीनशॉट तिथून स्वतः डिलीट करावा, रिसायकल बिनमधूनही.

संगणक फाइलला नाव देतो ते नुसतं स्क्रीनशॉट आणि कंसात आकडा. पन्नास झाले की कुठला कुणाचा, काही कळत नाही. मी आता लगेच नाव बदलते: परीक्षा, इयत्ता, हजेरी क्रमांक. आणि अर्जाचा नंबर मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावते.