भाजलेल्या वैमानिकांचें रुग्णालय

हवाई दलाच्या इतिहासांत विमानांच्या पराक्रमाची गणना होते. त्या पराक्रमानंतर वैमानिक ज्या खाटेवर येऊन पडतो, तिची सहसा होत नाहीं. अशाच एका रुग्णालयाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत ईस्ट ग्रिन्स्टेड नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालय मूळचें नागरी. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच न्यूझीलंडमध्यें जन्मलेले शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो तेथें आले आणि ब्रिटिश हवाई दलाचे भाजलेले वैमानिक त्यांच्या हवालीं होऊं लागले.

हरिकेन विमानांत पेट्रोलची एक टांकी वैमानिकाच्या अगदीं समोर असे. ती पेटली कीं ज्वाळा थेट तोंडावर व हातांवर येत. भाजलेल्या भागावर त्या काळीं टॅनिक आम्लाचा लेप देत. त्याचें कठीण कवच बने. त्यामुळें बोटें आखडत, पापण्या मिटत नसत आणि डोळेच गमावण्याची भीति असे. परंतु जे वैमानिक समुद्रांत पडले होते, त्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, असें दिसून आलें. मॅकिंडो यांनीं लेप सोडून मिठाच्या कोमट पाण्याचीं स्नानें सुरू केलीं. पुढें शरीराच्या इतर भागांवरील कातडी घेऊन टप्प्याटप्प्यानें नव्या पापण्या व नवें नाक घडविण्यांत येई. हें काम कित्येकदां वर्षानुवर्षें चाले.

तथापि नाक बसलें म्हणजे मनुष्य बरा झाला, असें मॅकिंडो मानीत नसत. तिसऱ्या क्रमांकाच्या वॉर्डांत रुग्णालयाचा निळा पोशाख सक्तीचा नव्हता. रोगी आपला गणवेश घालीत. अधिकारी व शिपाई शेजारीं शेजारीं असत. आरसे मात्र मुद्दाम फारसे ठेवीत नसत. या तरुणांना टक लावून पाहूं नका, त्यांना घरीं बोलवा, असें त्यांनीं गांवकऱ्यांस विनविलें. गांवानें तें मनापासून ऐकलें. 'टक लावून न पाहणारें गांव' अशी त्याची ख्याति झाली.

१९४१ सालीं रोग्यांनीं 'गिनीपिग क्लब' स्थापिला. आपल्यावर नवे प्रयोग होतात, म्हणून प्रयोगशाळेंतील त्या प्राण्याचें नांव त्यांनीं हंसत घेतलें. चिटणीस नेमला तो बोटें भाजलेला, म्हणजे सभेचें टिपण लांबणार नाहीं. खजिनदार पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाहीं! पुढें सभासद ६४९ झाले.

मॅकिंडो १९६० सालीं निवर्तले. त्यांच्या शस्त्रानें या तरुणांस चेहरा परत दिला. पण तो चेहरा घेऊन बाजारांत, नाटकगृहांत, लग्नमंडपांत निःसंकोच जाण्याचें धैर्य त्यांस गांवकऱ्यांच्या साध्या नजरेनें दिलें. उपचाराचा हा भाग शल्यविशारदाच्या हातीं नसतो. तो आपणां सर्वांच्या हातीं असतो.