बॅकग्राउंड कोणाचं?

शनिवारी संध्याकाळी साडेसातला माझा शेवटचा गाण्याचा क्लास सुटतो. प्रवेशिकेच्या मुली वह्या आवरून दाराबाहेर चपला शोधत असतात, तेवढ्यात सोसायटीतली मुलं आत डोकावतात. "काकू, येऊ का?" मी पेटीवर कापड टाकते, चहाचं आधण ठेवते आणि नेरूळच्या माझ्या छोट्याशा हॉलमध्ये सिनेमाच्या संगीतावरची बैठक सुरू होते. 'सैराट' आला त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, हे सुरू झालं. अजून चालू आहे.

कायमचे म्हणावेत असे चार जण. एक इंजिनिअरिंगचा मुलगा, ज्याला कुठल्याही चित्रपटाची श्रेयनामावली तोंडपाठ असते. दुसरा सारसोळे गावातला, हळदी-लग्नांत बेंजो पार्टीबरोबर ऑक्टोपॅड वाजवणारा. तिसरी मुलगी अंधेरीला एडिटिंगचं काम करते आणि हार्बर लाइनच्या गर्दीतून आली तरी आल्या आल्या बोलायला लागते. चौथे समोरच्या ब्लॉकमधले तमिळ काका, तीस-पस्तीस वर्षं इथेच राहिलेले, मराठी आमच्याइतकीच सफाईदार. या सगळ्यांचा जीव अजय-अतुलवर आहे. नवा चित्रपट जाहीर झाला, संगीतकार म्हणून यांचं नाव आलं, की आपल्यासारखे लोक विचारतात, "गाणी कशी असतील?" ही मंडळी आधी विचारतात, "बॅकग्राउंड कोणाचं?"

हा प्रश्न मला कळायला वेळ लागला, कारण मी गाण्यात वाढलेली बाई. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला जे गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच्या परंपरेतलं अखिल भारतीय मंडळ आज आमच्या वाशीत आहे. त्या मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवण्यात माझं आयुष्य गेलं. संगीत म्हणजे बंदिश, आलाप, ताना आणि सिनेमात आलं की गाणं, एवढंच मी धरून होते. 'सैराट' बघून आले तेव्हा चारही गाणी मला चालीसकट पाठ होती. इंजिनिअरिंगवाल्याने जिन्यात गाठलं आणि विचारलं, "काकू, मध्यंतरानंतरचं म्युझिक कसं वाटलं?" मला एक सूर आठवेना. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग ते चांगलंच झालंय." मला ते उर्मट वाटलं होतं. आज वाटत नाही.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत, म्हणजे हे लोक ज्याला बीजीएम म्हणतात ते, आपल्या लक्षात येऊ नये पण आपल्यावर परिणाम करून जावं, अशा बेताने केलेलं असतं. म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं तर ते मुद्दाम ऐकावं लागतं. आमच्याकडची पद्धत साधी आहे. एक प्रसंग आधी आवाज बंद करून बघायचा. मग डोळे मिटून नुसता ऐकायचा. मग दोन्ही एकत्र. 'सैराट'मधलं 'याड लागलं' आम्ही असंच केलं. आवाज बंद असताना नायक परशा विहिरीकडे पळतो, तेव्हा तो कुठल्याही गावातला, एसटी चुकू नये म्हणून धावणारा पोरगा दिसतो. अंगावर मळका शर्ट, पायाखाली धूळ. आवाज लावला की त्याच धुळीवर व्हायोलिनचा आख्खा ताफा उचलून येतो आणि करमाळ्याच्या बाजूचा तो माळ एकदम मोठा होतो. कॅमेरा तोच, पोरगा तोच. त्याच्या छातीत जे चाललंय त्याचं माप संगीताने दिलेलं असतं. गावाकडच्या गरीब पोराच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यवृंद द्यायचा, ही 'सैराट'चं संगीत करणाऱ्या अजय-अतुल या दोघा भावांची आणि दिग्दर्शक नागराज मंजुळेंची भूमिका आहे असं मी मानते. ढोलकी-हलगीवर भागलं असतं. भागवलं नाही.

तो वाद्यवृंद अमेरिकेतला आहे. लॉस एंजेलिसजवळ सोनी स्टुडिओचा जो मोठा स्कोअरिंग स्टेज आहे, तिथे 'सैराट'चा पाश्चात्त्य वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला. भारतीय चित्रपटासाठी तिथे असं पहिल्यांदाच झालं. हा स्टेज पूर्वी एमजीएम कंपनीचा होता. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत त्याच खोलीत वाजलेलं. हे कळलं तेव्हा सारसोळ्याचा मुलगा बराच वेळ गप्प बसला होता. त्याच्या बेंजो पार्टीत 'सैराट'चं 'झिंगाट' एका रात्रीत तीन-तीन वेळा वाजतं. वडील महसूल खात्यात, त्यामुळे शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा गावांतून बदल्यांमागे फिरलेली अजय-अतुल ही दोन मुलं तिथवर पोचली, याचा त्याला झालेला आनंद मी जवळून पाहिलाय.

आता हे संगीत बसवतात कसं, ते सांगते, कारण मला त्यातच सगळ्यात जास्त रस आहे. चित्रपटाचं संकलन पक्कं झालं की दिग्दर्शक आणि संगीतकार तो सोबत बघतात. संगीत कुठे सुरू होईल, कुठे थांबेल, कुठे अजिबात नसेल, हे ठरवतात. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक क्यू. वादकांच्या कानात हेडफोनमधून ठराविक लयीचा टकटक असा ठेका चालू असतो, त्याला क्लिक म्हणतात. त्या ठेक्यावर वाजवलं की सूर पडद्यावरच्या नेमक्या क्षणी येऊन पडतो.

एडिटिंगवाल्या मुलीने हे समजावलं तेव्हा मी फळ्यावर तीनताल लिहिला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. समजा नायिकेच्या हातून पेला पडतो तो क्षण प्रसंग सुरू झाल्यापासून बरोबर दहाव्या सेकंदाला आहे, म्हणजे २४० चौकटी झाल्यावर. मला तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हवी. तीनतालाच्या १६ मात्रा. २४० ला १६ ने भागा. एका मात्रेला १५ चौकटी आल्या, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. क्लिक ९६ वर लावा, आवर्तन पहिल्या चौकटीपासून सुरू करा, पेला फुटतो तिथे 'धा' पडेल. मुलगी टाळी देऊन म्हणाली, "काकू, आम्ही हेच करतो!" जन्मभर हाताने दिलेल्या टाळीत आणि तिच्या पडद्यावरच्या आकड्यांत काही अंतर राहिलं नाही. त्या दिवसापासून मी या बैठकीत नुसती चहा करणारी काकू राहिले नाही.

अर्थात सगळे संगीतकार असं प्रत्येक घटनेवर सम टाकत नाहीत, आणि टाकूही नये. पेल्यावर सम आली की प्रेक्षक पेला बघतो. पेला पडून गेल्यावर, तिच्या चेहऱ्यावर आली, तर तो तिला बघतो. ही निवड हाच खरा कस आहे.

एक गोष्ट वाचकांना सांगायलाच हवी. पोस्टरवर ज्यांचं नाव संगीतकार म्हणून मोठं दिसतं, त्यांनीच पार्श्वसंगीत केलेलं असतं असं नाही. 'तुंबाड' या २०१८ च्या चित्रपटाचं शीर्षकगीत अजय-अतुलचं, पण ज्या संगीताने आपण खुर्चीत आक्रसून बसतो ते येस्पर कूड या डॅनिश संगीतकाराचं, जो व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी जगभर ओळखला जातो. 'फँड्री'चं थीम साँग अजय-अतुलचं, पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ताचं. 'आदिपुरुष'मध्ये बहुतेक गाणी त्यांची, पार्श्वसंगीत संचित आणि अंकित बल्हारा यांचं. तिथले सूर आवडले म्हणून भलत्याला दाद देऊ नये आणि खटकले म्हणून भलत्याला दोष देऊ नये, एवढी साधी न्यायाची गोष्ट आहे. म्हणून तो प्रश्न: बॅकग्राउंड कोणाचं?

राष्ट्रीय पुरस्कारांनाही हा फरक नीट मांडायला वेळ लागला. अजय-अतुलला 'जोगवा'साठी २००८ चा सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, तो एकच होता. पुढच्याच वर्षीपासून गाण्यांचा वेगळा आणि पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार नेमाने देऊ लागले. २००९ चा पार्श्वसंगीताचा मान मल्याळम 'पळश्शिराजा'साठी इळैयराजांना मिळाला.

इथे आमचे तमिळ काका सरसावून बसतात. त्यांच्या मते आमच्या बैठकीत जे काही बोललं जातं ते इळैयराजांनी आधीच करून ठेवलंय. वाद होतो, आवाज चढतात, खालच्या मजल्यावरून एकदा निरोपही आला होता. पण इळैयराजांबद्दलची भक्ती अजय-अतुल स्वतःच जाहीरपणे सांगत आले आहेत, त्यामुळे काकांशी कोणी फार ताणून धरत नाही. मार्च २०२५ मध्ये इळैयराजांची सिंफनी लंडनला रॉयल फिलहार्मोनिकने वाजवली, त्या आठवड्यात काका पेढे घेऊन आले होते.

आणि एकदा, फक्त एकदाच, मी त्यांना सगळ्यांना गप्प केलं. विषय होता 'सैराट'चा शेवट. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. रक्तात भिजलेली ती इवलीशी पावलं फरशीवर उमटत जातात आणि आवाज पूर्ण थांबलेला असतो. मूल रडतं, ते आपल्याला ऐकू येत नाही. ज्या चित्रपटासाठी समुद्रापलीकडून वाद्यवृंद वाजवून आणला, तो संपताना संगीतकारांनी हात काढून घेतलेत. पहिल्यांदा बघताना आमच्या थिएटरमध्ये याच क्षणी कोणीतरी दिवे लावले आणि लोक उठायला लागले. ती शांतता आमच्या वाट्याला पुरती आलीच नाही. तिचं मोल मला पुढे घरच्या पडद्यावर कळलं.

मुलं म्हणत होती, मराठीत असं धाडस पहिल्यांदाच झालं. मी त्यांना 'कुंकू' लावून दाखवला. प्रभातचा, १९३७ चा, शांतारामबापूंचा. संगीत केशवराव भोळ्यांचं. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली, गाण्यांशिवाय चित्रपट कोणी बघायला तयार नव्हतं. त्या काळात या चित्रपटात पार्श्वसंगीत असं ठेवलंच नाही, घरातल्या, रस्त्यावरच्या खऱ्या आवाजांवर तो उभा केला. शांता आपटे गाते तेव्हा तेवढं गाणं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या त्या मुलीभोवती एक व्हायोलिन वाजत नाही, म्हणून तिचा राग आपल्यापर्यंत कोरडा, सरळ येतो. सारसोळ्याच्या मुलाने चित्रपट संपल्यावर विचारलं, "काकू, मग इथे बॅकग्राउंड कोणाचं म्हणायचं?" मी म्हटलं, "भोळ्यांचंच. कुठे वाजवायचं नाही, हे कळायलाही संगीतकारच लागतो रे."

मला खंत एकच आहे. आपल्याकडे बाजारात येतात ती गाणी. पार्श्वसंगीत बहुतेक वेळा चित्रपटातच अडकून राहतं, संवादांच्या आणि गाड्यांच्या आवाजाखाली. अभ्यास करू पाहणाऱ्या मुलांना ते सुटं मिळत नाही, त्याचं नोटेशन तर दूरच. माझ्याकडे भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांची मालिका आहे. शंभर वर्षांपूर्वीची बंदिश मी आज उघडून गाऊ शकते. 'सैराट'च्या एखाद्या क्यूची स्वरलिपी मला हवी असेल तर पेटी घेऊन, प्रसंग पुन्हा पुन्हा लावून, संवादांच्या फटींतून सूर वेचावे लागतात. ते मी केलं. दीड मिनिटाच्या तुकड्याला दोन शनिवार गेले. वहीची ती चार पानं आता सगळ्यांनी फोटो काढून नेलीत. मराठी संगीतकारांनी आणि निर्मात्यांनी हे काम स्वतःहून करावं, छापावं, सुटं ऐकायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सध्या बोलणं फिरून फिरून 'राजा शिवाजी'वर येतं. १९ फेब्रुवारी २०२० ला, शिवजयंतीला, रितेश देशमुख, नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी मिळून शिवरायांवरच्या तीन चित्रपटांची घोषणा केली होती. बरोबर चार वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, 'राजा शिवाजी' जाहीर झाला तो रितेश देशमुखांच्या दिग्दर्शनात, संगीत अजय-अतुलचंच. पुढे पोस्टरवर तारीख आली: १ मे २०२६.

पोस्टर आलं त्या शनिवारी माझ्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. इंजिनिअरिंगवाल्याला भीती होती की ऐतिहासिक म्हटलं की ब्रास आणि कोरस यांचा भडिमार होईल, पडद्यावर नुसतं कोणी चाललं तरी तुताऱ्या वाजतील. सारसोळ्याचा मुलगा म्हणाला, 'नटरंग'मध्ये ज्यांनी ढोलकीला असं बोलतं केलं, ते हलगी आणि संबळ सोडणार नाहीत. काकांना वाटत होतं, बासरी. एडिटिंगवाली म्हणाली, वाद कशाला, लिहून ठेवा. चित्रपट सुरू झाल्यावर पहिला आवाज कशाचा असेल, प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, थिएटरमधून परत आल्यावर उघडायचं.

वहीचं पान फाडून पाच तुकडे केले. सगळ्यांनी पाठ फिरवून लिहिलं, घड्या घातल्या. ठेवायला सुरक्षित जागा म्हणून माझ्या पेटीचा खोका निघाला, कारण तो माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलंय: वारा.